दहिसरला मागच्या अंगणात ॲक्वापोनिक्स केलंय, तिलापिया नकोय, आपल्याकडचे कुठले मासे पाळू?

अंगण_दहिसर:

नमस्कार मंडळी, खूप महिने इथे नुसती वाचत होते, आज लिहितेय कारण तीन दिवसांत ११ मासे गेले आणि सकाळी उठून टाकीकडे जायचीच भीती वाटायला लागलीय.

आमचं दहिसरला जुनं बैठं घर आहे, मागे छोटं अंगण आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे नदी. तिथे ॲक्वापोनिक्स केलंय, म्हणजे माशांच्या पाण्यावर भाजी आणि भाजीने साफ केलेलं पाणी परत माशांना. एक हजार लिटरची आयबीसी टाकी (लोखंडी पिंजऱ्यातली चौकोनी प्लास्टिकची) आणलीय, वरचा भाग कापून, त्यात साधारण ७०० लिटर पाणी राहतं. २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरून दोन अर्धे केले, त्यात काळी खडी भरलीय, बेल सायफन आहे (खडीत पाणी भरलं की ते आपोआप खाली सोडणारी नळी), पाणी टाकीतून वर आणि परत खाली. खडीत अळू, पालक आणि पुदिना लावलाय. अळू तर असा काय धरलाय की बाबा रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसतात.

सगळं सुरू करून पाच आठवडे झाले. दोन आठवड्यांपूर्वी ६० रोहूची पिल्लं सोडली, बोटाएवढी. पहिले काही दिवस मस्त फिरत होती, आता पहाटे सगळी वर येऊन तोंड उघडझाप करतात, दुपारी जरा बरी असतात. काल टेस्ट केली तर अमोनिया १, नायट्राइटचा रंग किटच्या कार्डावरचा सगळ्यात शेवटचा म्हणजे ५, नायट्रेट थोडंसं, पीएच ७.४. पाणी नळाचंच आहे. पंप टायमरवर आहे, ज्यांनी सेटअप बसवून दिला ते म्हणाले रात्री झाडांना पाणी लागत नाही, अकरा ते सहा बंद ठेवा, बिल वाचेल.

तेच आता म्हणतायत की रोहू नाजूक आहे, तिलापिया टाका, तो कशातही जगतो. आणि मला तिलापिया नकोय. आमच्याकडे दर पावसाळ्यात नदीचं पाणी एकदोनदा अंगणात गुडघाभर येतंच. २६ जुलै २००५ ला किती आलं होतं ते भिंतीवर अजून दिसतं, माझ्या खांद्याच्या वर रेघ आहे, टाकीच्या कितीतरी वर. म्हणजे माझ्या टाकीत जे असेल ते कधी ना कधी नदीत जाणार हे मी धरूनच चाललेय. ही नदी तुळशी तलावाकडून नॅशनल पार्कातून येते, बाबा लहानपणी इथेच गळ टाकायचे. आज तिची काय अवस्था आहे ते मुंबईत सगळ्यांना माहितीये, पण वरच्या अंगाला, पार्काच्या आत ती अजून जिवंत आहे. त्यात माझ्या घरातून अजून एक परका मासा जायला नको.

तर दोन गोष्टी विचारायच्यात. एक, उरलेले ४९ कसे वाचवू. दोन, आपल्याकडचा कुठला मासा एवढ्याशा टाकीत नीट राहील, जो नदीत गेलाच तर निदान तिथलं काही ओरबाडून खाणार नाही.


वाडीतला_वसई:

ताई आधी मासे वाचवा, बाकीचं नंतर. हे वाचल्या वाचल्या पंपाचा टायमर काढून टाका, पंप २४ तास चालू. झाडांना रात्री पाणी लागत नसेल पण माशाला आणि खडीतल्या बॅक्टेरियाला हवा २४ तास लागते. दिवसा टाकीतलं शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे पाण्यात सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो आणि म्हणूनच तुमचे मासे पहाटे वर येतात. त्यात आयबीसी टाकी पांढरी अर्धपारदर्शक, ऊन आत जातं, पाणी हिरवं झालंच असेल. बाहेरून काळा रंग मारा किंवा जाड ताडपत्री गुंडाळा. वेगळा एअर पंप घ्या, दोन दगडांचा (म्हणजे एअर स्टोन, पाण्यात बारीक बुडबुडे सोडणारे), आणि त्याला बॅटरी बॅकअप असेल तर उत्तमच, वसईला आमच्याकडे लाइट जाते म्हणून मी हे शिकलो, माझे एका रात्रीत ३० कटला गेलेत.

पण तुमच्याकडे फक्त ऑक्सिजन नाही, नायट्राइट पण आहे. नायट्राइट ५ म्हणजे रक्तात ऑक्सिजन धरायची ताकदच जाते, पाण्यात हवा असून मासा गुदमरतो. मेलेल्या माशाचा कल्ला उघडून बघा, लाल नसून चॉकलेटी दिसला तर हेच. उपाय साधा आहे, मीठ. घाबरू नका, झाडं मरणार नाहीत, फार थोडं लागतं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही, नायट्राइटच्या दहापट क्लोराइड पाहिजे, म्हणजे तुमच्या ७०० लिटरला १०० ग्रॅम जाडं मीठ पुरे. बादलीत विरघळवून हळूहळू ओता. आयोडीनवालं बारीक मीठ घेऊ नका. लोक किलो किलो मीठ ओततात ते माशाच्या जखमेसाठी, ते वेगळ्या टबात करायचं असतं, झाडांच्या पाण्यात नाही.

खाणं दोनतीन दिवस पूर्ण बंद. उपाशी मासा नाही मरत, खाल्लेलं पचवून अमोनिया सोडणारा मासा मरतो. आणि एक तृतीयांश पाणी बदला, पण नळाचं थेट नको, क्लोरीन असतं, ते माशालाही लागतं आणि खडीतले बॅक्टेरियाही मारतं. ड्रममध्ये भरून एअर स्टोन लावून एक दिवस ठेवा मग घाला.

तुमची चूक म्हणण्यापेक्षा तुम्हाला कुणी सांगितलं नाही असं म्हणीन मी. खडीवर बॅक्टेरिया बसायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया खाणारे येतात, ते त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्राइट खाणारे येतात, ते त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट तुमचं अळू खातं. दुसरी टोळी उशिरा येते, तुम्ही आत्ता बरोब्बर त्या मधल्या फटीत अडकलाय. मासे वाचले तर अजून दहापंधरा दिवसांत नायट्राइट आपोआप खाली येईल.


गच्चीशेती_मालाड:

मी तिलापियावाला आहे, खरं सांगतो, दोन वर्षं झाली एक पण मेला नाही आणि खायला पण चांगला. गच्चीवर पाचव्या मजल्यावर आहे म्हणून मला पुराची भीती नाही. तुमच्या जागी मी पण दहा वेळा विचार केला असता. पंगास पण सांगतील लोक तुम्हाला, तो पण बाहेरचाच, आणि मोठा होतो खूप.


मत्स्यशाळा_रत्नागिरी:

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलोय, आता नवी मुंबईत असतो. वसईच्या दादांनी पहिल्या प्रश्नाचं अगदी बरोबर सांगितलंय, मी दुसऱ्यावर लिहितो, थोडं लांबेल.

ताई, तुम्ही तिलापियाला नाही म्हणालात ते फार बरं केलंत. तो आफ्रिकेतला, १९५२ साली आपल्याकडे आणला, आणि एकदा तळ्यात शिरला की तोंडात अंडी-पिल्लं सांभाळून असा वाढतो की काढता येत नाही. तो पाळायला परवानगीही घ्यावी लागते, हे विकणारे सांगत नाहीत. पण तुम्ही जे रोहू सोडलेत ते तरी दहिसर नदीचे कुठे आहेत? रोहू, कटला, मृगळ हे देशी आहेत पण इथले नाहीत, मूळ गंगेच्या खोऱ्यातले. १० जुलै १९५७ ला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून कार्पची (रोहू, कटला यांच्या कुळातल्या माशांची) अंडी घेऊन दाखवली, त्यानंतर देशभर यांचं बीज मिळायला लागलं आणि आपल्याकडच्या धरणांत, तलावांत सगळीकडे हेच सोडले गेले. आज मत्स्यशेतकरी दिन १० जुलैला असतो तो त्याचमुळे. त्या शोधाने लाखो लोकांच्या ताटात मासा आला, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त देशी म्हणजे स्थानिक असं धरू नका, एवढंच.

आणि नदी बाजूला ठेवली तरी रोहू तुमच्या टाकीत बसत नाही. हिशोब करू. ड्रमचे दोन अर्धे मिळून साधारण एक चौरस मीटर वाफा झाला. पालेभाजीला एका चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं, त्याहून जास्त टाकलं तर ते झाडं उचलू शकत नाहीत. मासा रोज वजनाच्या साधारण २ टक्के खातो असं धरलं तर ४५ ग्रॅम खाद्य म्हणजे सव्वादोन किलो मासे. बस्स. ६० रोहू अर्ध्या अर्ध्या किलोचे झाले तर ३० किलो होतील, ते कुठे ठेवणार? रोहूला पोहायला लांबी लागते, लहान टाकीत तो खुरटतो, भिंतीला नाक आपटतो. लोक मासे मोजून टाकी भरतात आणि मग वाफा लहान पडला म्हणतात. वाफा मोजा आणि त्यावरून मासे ठरवा.

तुम्हाला मी शिंगी सुचवीन. अंगाने काळसर तांबूस, मिशावाली, खवले नाहीत. भारतभर तळ्यांत, भाताच्या खाचरांत सापडते, आपल्याकडेही. तिला कल्ल्यांशिवाय वरून हवा घ्यायला पिशव्या असतात, त्यामुळे पंप चार तास बंद पडला म्हणून तुमची रात्र वाईट जाणार नाही. १०० ते १२० ग्रॅमची झाली की खायला होते, म्हणजे २० शिंग्या तुमच्या सव्वादोन किलोत बरोबर बसतात. दिवसा लपून असते, टाकीत पीव्हीसी पाइपचे हात-हातभर तुकडे टाका, आणि खाणं संध्याकाळी द्या. टाकी काठोकाठ भरून झाकण बंद करू नका, वर येऊन श्वास घ्यायला जागा पाहिजे, नाहीतर हवेत जगणारा मासा पाण्यात बुडून मरतो, हे खरंच होतं.

काळजी एकच, तिच्या कल्ल्याजवळच्या काट्यात विष असतं. हाताने कधीच धरू नका, जाळीनेच. घरात लहान मुलं असतील तर टाकीवर जाळी बांधलेलीच पाहिजे. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, उष्णतेने ते विष निकामी होतं, आणि दुखणं वाढलं, सूज चढली तर डॉक्टरकडे.

मागूर पण चालतो पण त्यात मोठी फसवणूक आहे म्हणून नवीन माणसाला मी नको म्हणतो. देशी मागूर सांगून थाई मागूर देतात. थाई मागूर पाळायला आपल्याकडे बंदी आहे, आणि तो नदीत गेला तर तिलापियाहून वाईट, कारण तो बाकीचे मासे खातो, आणि पावसात ओल्या जमिनीवरून सरपटत सहज बाहेर पडतो, तुमच्या अंगणातून तर नदी चार पावलांवर. डोक्याच्या मागची हाडाची कड बघायची, देशीची एका टोकाची असते, थाईची मधे खाच पडून दोन टोकांची. पिल्लांत हे ओळखणं कठीण. शिंगी ओळखायला सोपी, पाठीवरचा पर अगदी छोटा, बोटाच्या पेराएवढा, आणि मागुराचा पर पाठभर लांब. पिशवीत एक जरी लांब पराचा दिसला तरी ती पिशवी घेऊ नका.

मरळ चविष्ट, भाव चांगला, पण एकमेकांना खातो, उड्या मारतो, तुमच्यासाठी नाही. काळुंदर मला स्वतःला फार आवडतो, खाडीतला असून गोड्या पाण्यात राहतो, शेवाळ आणि पाला खातो. पण सावकाश वाढतो आणि अमोनिया अजिबात सोसत नाही. वर्षभर पाणी स्थिर राहिलं की मग विचार करा.


अंगण_दहिसर:

तुम्हा दोघांना हात जोडून नमस्कार. टायमर काल रात्रीच काढला, मीठ १०० ग्रॅम घातलं, पाणी बदललं, ताडपत्री बांधली. एक मेलेला उघडून बघितला, कल्ला खरंच चॉकलेटी होता, बघून रडायला आलं मला, कारण मी समजत होते त्यांना भूक लागलीय म्हणून वर येतायत आणि मी अजून खायला टाकत होते. आज पहाटे एकच मेला, बाकीचे खालीच होते.

पीएचचं विचारायचं होतं. किटवाल्याने सांगितलं पुढे पीएच पडत जाईल तेव्हा ही बाटली घ्या, ८०० रुपये. खरंच लागते का?


वाडीतला_वसई:

नको. पडेल हे खरं आहे, बॅक्टेरिया काम करताना पाण्यातला क्षार खातात आणि आपल्या तलावांचं पाणी मुळात सौम्य, कातळावरून आलेलं, त्यात क्षार कमी. ६.५ च्या खाली गेलं की बॅक्टेरिया मंदावतात. पण त्याला घरातलंच औषध आहे. तिसऱ्या आणता ना? शिंपल्या फेकू नका. उकळा, घासून मांस काढा, आठवडाभर कडक उन्हात वाळवा, कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरा आणि पंपाचं पाणी पडतं तिथे लटकवा. चुनाच तो, पाणी आंबट झालं की विरघळतो, नसेल तेव्हा तसाच राहतो. माझ्याकडे तीन वर्षं हेच चाललंय, पीएच ६.८ ते ७ च्या मधेच. तुमच्या ७.४ ला आत्ता काहीच घालू नका.

अळूची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय, चिलेटेड आयर्न (झाडाला उचलता येईल असं लोह) मिळतं ते चिमूटभर. गंजके खिळे टाकायला सांगतील, त्यातलं लोह झाडाला मिळत नाही. आणि पावसाळ्यात आठ आठ दिवस ऊन नसतं तेव्हा झाडं कमी खातात, तेव्हा माशांचं खाणं पण निम्मं करा. टाकीवर पावसाचं पाणी पडू देऊ नका, एका रात्रीत भरून वाहते.


मुरबाडकर_मुलुंड:

मुली, मी ७१ वर्षांचा आहे, नातवाने हे वाचून दाखवलं, तोच टाइप करतोय. तुझ्या बाबांना माझा नमस्कार सांग, ते गळ टाकायचे ते वाचून मला माझं गाव आठवलं. आमच्याकडे पहिला मोठा पाऊस झाला की नदीतून मासे ओढ्याने वर भातखाचरात चढायचे, आम्ही वलगण म्हणायचो. रात्री कंदील घेऊन सगळा गाव शेतात. मरळ, शिंगी, वांब, डोक, आणि बांधावर मुठे (खेकडे). माझ्या आजीला शिंगीचा काटा लागला होता, ती चुलीपाशी बसून गरम पाण्यात हात घालून बसली होती, ते वरच्या मुलाने लिहिलंय ते आमच्याकडे बायकांना माहीत होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळं. वलगणीचे मासे अंडी घालायला चढतात, पोटं भरलेली असतात. तेव्हा आम्ही टोपल्या भरभरून धरले, नदी भरलेली होती म्हणून वाटलं संपणार नाहीत. आता गावाला गेलो तर मुलं रात्रभर उभी राहून एक तांब्याभर मासे आणतात. तुम्ही लोक टाकीत पाळताय हे चांगलं आहे, पण पिल्लं नदीतून, ओढ्यातून धरून आणू नका. जे पिल्लं तयार करून विकतात त्यांच्याकडूनच घ्या.


मत्स्यशाळा_रत्नागिरी:

आजोबांचं बोलणं कृपया सगळ्यांनी वाचा. आणि नॅशनल पार्काच्या हद्दीतून तर मासा काय, शिंपलाही आणायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे.

अजून एक जोडतो. हॅचरीतली शिंगी बहुतेक बंगाल, आंध्राकडून येते. जात तीच असली तरी ती इथल्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या वाढलेली नाही, रोगही आणू शकते. म्हणून स्थानिक जात आहे म्हणून मुद्दाम नदीत सोडायचा मोह कुणालाच होऊ नये. चुकून गेली तर तिलापियाइतकं नुकसान नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणल्यावर पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवा, मगच टाकीत.


अंगण_दहिसर:

आज नववा दिवस. नायट्राइट अर्ध्यावर आलंय, अमोनिया शून्य दाखवतंय, नायट्रेट वाढलंय. एकूण ४३ वाचले. ते सगळे रविवारी पालघरला मामाच्या शेततळ्यात नेणार, तिथे आधीपासून रोहू आहेतच आणि पाणी बाहेर जात नाही. मोठ्या पिशव्यांत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून देणारा माणूस मिळालाय.

आजोबा, बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की दहिसरच्या नदीतही पहिल्या पावसात मासा वर चढायचा, आणि मुठे त्यांनीही धरलेत. मग उठून शेजारच्या मावशींकडून जुनं जाळं मागून आणलं, आता बसून टाकीच्या मापाने कापून शिवतायत, पूर आला तरी वरून सुटणार नाही असं बारीक. ओव्हरफ्लोच्या पाइपालाही आतून जाळी बसवली.

शिंगी लगेच आणत नाहीये. नायट्राइट सलग दोन आठवडे शून्य राहिलं की मगच, वीसच. मासे गेल्यावर बॅक्टेरिया उपाशी पडू नयेत म्हणून रोज थोडं खाद्य रिकाम्या टाकीत टाकत राहू का, की चारपाच रोहू ठेवू तोपर्यंत?


वाडीतला_वसई:

पाच ठेवा. खाद्य कुजवण्यापेक्षा बरं, आणि पाणी बिघडलं तर ते आधी सांगतील. शिंगी आणायच्या आधी त्यांनाही मामाकडे पाठवा.